काळ्या दगडाच्या पोटातली रत्नं

(प्रभादेवी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आज तुम्ही सिद्धिविनायकाच्या बाजूने आलात की स्टेशनच्या बाजूने, एक दृश्य दोन्हीकडे दिसलं असेल. पत्रे ठोकून बंद केलेला प्लॉट, आत तीनचार मजले खोल खड्डा, आणि फाटकातून हळूहळू बाहेर पडणारा डंपर. डंपरमध्ये काळा दगड. आपण त्याच्यामागे हॉर्न वाजवत थांबतो आणि पुढे निघून जातो.

दुसरं दृश्य मंदिराच्या रांगेतलं. दहा माणसांच्या हाताकडे बघितलं तर दोघातिघांच्या बोटात पुष्कराज, गोमेद, नाहीतर नीलम असतो. कुणी कशासाठी घातला आहे यात आम्ही पडत नाही. आम्ही भूशास्त्राची मंडळी, आम्हाला फक्त एवढंच विचारावंसं वाटतं की हा खडा कुठल्या जमिनीतून आला, आणि तिथेच का आला? त्या डंपरमधल्या दगडात तो का नाही? आणि त्यात काहीच नाही, असं आपण समजतो ते तरी खरं आहे का?

नवरत्नांतली दोन आधीच बाजूला काढू. मोती आणि पोवळं प्राण्यांनी बनवलेली आहेत, त्यांचा आजच्या विषयाशी संबंध नाही. बाकीची सात खनिजं आहेत, आणि प्रत्येकाची जन्माची अट वेगळी आहे.

हिऱ्याला सुमारे दीडशे किलोमीटर खोलीवरचा दाब लागतो. तिथून त्याला वर आणणारा किंबर्लाइटसारखा दगड लागतो, आणि त्याने घाईघाईने वर यावं लागतं, नाहीतर हिऱ्याचं ग्रॅफाइट व्हायचं. माणिक आणि नीलम हे दोन्ही एकच खनिज, कुरुंद. म्हणजे ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन, त्यात क्रोमियमचा अंश आला की लाल, लोह आणि टायटॅनियम आलं की निळा. पण मेख अशी की आजूबाजूला मोकळी सिलिका असेल तर ॲल्युमिनियम तिच्याशी जोडी जमवतं आणि कुरुंद बनतच नाही. पृथ्वीच्या कवचात सिलिका तर जिथे तिथे आहे. म्हणून माणिक दुर्मिळ. पाचूचं लग्न तर आणखी अवघड. त्याला लागणारं बेरिलियम ग्रॅनाइटच्या कुळातलं आणि क्रोमियम अगदी उलट्या कुळातल्या दगडातलं. ही दोन कुळं एकमेकांना भिडतील अशी जागा हवी. राजस्थानात ती आहे.

महाराष्ट्रातही अशा जुन्या दगडांचा पट्टा आहे, पण तो पूर्वेला, विदर्भाच्या टोकाला. गडचिरोली जिल्ह्यातल्या वैरागडच्या हिऱ्यांचा उल्लेख ‘आइन-इ-अकबरी’त आहे. भंडारा जिल्ह्यात कुरुंद सापडतो. तिथून पश्चिमेकडे येऊ लागलो की हे सगळं जुनं जग एका जाड काळ्या चादरीखाली जातं. त्या चादरीवरच आपण आत्ता बसलो आहोत.

ही चादर म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा वाहू लागला. एकावर एक थर. आज उरलेलं क्षेत्रच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे, आणि जाडी पाहायची असेल तर कळसूबाई बघा. १६४६ मीटर उंचीचा तो डोंगर अशा थरांचाच बनलेला आहे. मुंबईचा दगड या कहाणीच्या शेवटाकडचा, थोडा तरुण.

या लाव्हात माणिक-पाचूची सोय नाही. मग रत्नांच्या बाबतीत तो कोरडाच म्हणायचा का? शंभरातले नव्याण्णव लोक हो म्हणतील. उरलेला एक जण दगडखाणीत काम करणारा असेल आणि तो हसेल.

आता आंबोळी डोळ्यांसमोर आणा. तव्यावर पीठ टाकलं की खालची बाजू बसते आणि वरच्या बाजूला जाळी पडते. लाव्हाचंही तसंच. अकराशे-बाराशे अंश तापमानाचा रस जमिनीवर आला की त्यात विरघळलेले वायू, मुख्यतः पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड, बुडबुडे होऊन वर धावतात. वरची साय थंड होऊन घट्ट झालेली असते, तिच्याखाली ते अडकतात. म्हणून लाव्हाच्या एका थराचा मधला भाग भरीव आणि वरचा भाग जाळीदार. नाशिक, पुणे, जळगाव या भागांत तर लाव्हा एकसंध न वाहता जिभेसारख्या छोट्या छोट्या लोळांनी वाहिला, एकावर एक चढला. तिथे जाळी जास्त. दोन बुडबुडे मिळून एक झाला, लोळ आतून रिकामा झाला, ओल्या जमिनीवर लाव्हा पसरून खालून वाफ घुसली, अशा कारणांनी काही पोकळ्या माणूस आत वाकून शिरेल एवढ्या मोठ्या झाल्या.

ठेकेदाराच्या दृष्टीने हा खराब दगड. त्याला भरीव हवा. आमच्या दृष्टीने इथे घर बांधून तयार आहे, फक्त राहायला कुणी आलेलं नाही.

राहायला येतं ते पाण्याबरोबर. पाऊस, भूजल, भेगांमधून झिरपणारं कोमट ते गरम पाणी. वर नवे थर साचत गेले, खालचे थर दडपले गेले, तापले. बेसाल्टमध्ये घाईने थिजलेली काच असते, ती पाण्यात सगळ्यात आधी कुजते. ती कुजताना कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका पाण्यात सोडते. हे भारलेलं पाणी पोकळीत येतं, थोडं निवतं, थोडं थांबतं, आणि त्याला एवढा ऐवज सांभाळवत नाही. मग तो भिंतीवर बसतो. घरातल्या गीझरच्या कॉइलवर क्षार चढतो, जवळपास तसंच.

पण गीझरमध्ये चढतो तो पांढरा कचरा, आणि पोकळीत चढतात ते हाताएवढे स्फटिक. फरक कशाचा? खडीसाखर बनवताना बघितलं असेल कुणी तर लगेच कळेल. पाक घाईने थंड केला की बारीक रवा पडतो. दोरा सोडून, हलू न देता दिवसेंदिवस ठेवला की मोठे खडे धरतात. सुरुवात करायला मोजक्या जागा, वाढायला मोकळी जागा, आणि सावकाश, न तुटता येणारा पुरवठा. रत्नाच्या साठ्याची अट विचाराल तर आम्ही हीच सांगू. मूलद्रव्यं दुर्मिळ असायलाच हवीत असं नाही. सिलिका आणि कॅल्शियममध्ये दुर्मिळ काय आहे? दुर्मिळ असते ती मोकळी जागा आणि लाभलेली शांतता.

अशी एक पोकळी फोडून बघितली तर तिची भिंत बाहेरून आत वाचता येते. दगडाला चिकटून आधी हिरवट मातीचा पातळ थर. त्यावर झिओलाइट. हा एक मोठा परिवार आहे: स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, मेसोलाइट. गुलाबी-पिवळसर मोरपंखासारखे, पांढरे सुयांसारखे, काही पंख्यासारखे उघडलेले. नाव १७५६ साली स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी दिलं, अर्थ ‘उकळणारा दगड’, कारण तापवला की त्याच्या आतलं पाणी फसफसून बाहेर येतं. झिओलाइटच्या वर कॅल्साइट, आणि बऱ्याचदा सगळ्यात शेवटी ॲपोफिलाइट, काचेसारखा स्वच्छ, चौकोनी, टोकदार.

ॲपोफिलाइटमध्ये पोटॅशियम असतं, त्यामुळे त्याचं वय मोजता येतं. ते मोजल्यावर गंमत बाहेर आली. काही स्फटिक लाव्हा थिजल्यावर काही लाख-कोट वर्षांत बनलेले, तर काही त्यानंतर चार-साडेचार कोटी वर्षांनी! म्हणजे ज्वालामुखी केव्हाच शांत झाला होता, सह्याद्री झिजत होता, आणि आतल्या पोकळ्यांत पुन्हा गरम पाणी फिरत होतं. एकदा बनला आणि संपला असा हा साठा नाही. दार पुन्हा पुन्हा उघडलेलं आहे.

आता अकीक. पाण्यात इतर काही फारसं नसून सिलिकाच जास्त असेल तर झिओलाइटऐवजी ती भिंतीवर पापुद्र्या-पापुद्र्याने बसते. त्या पट्ट्यांचा दगड म्हणजे अकीक. मधोमध जागा उरली तर तिथे टोकदार गारगोटी वाढते, आणि त्यात लोहाचा अंश असून आसपासच्या नैसर्गिक किरणोत्साराचा मारा बसला तर ती जांभळी होते, ॲमेथिस्ट. आपल्याकडे जालना, औरंगाबाद भागात ती मिळते, बहुधा फिकट. ब्राझील आणि उरुग्वेच्या सीमेवर अगदी दख्खनसारखाच लाव्हाचा प्रदेश आहे, तिथली गडद जांभळी. दुकानात कापून उभी ठेवलेली जांभळ्या गुहेसारखी वस्तू बघितली असेल, ती सहसा तिथली.

आपल्या अकीकाची मात्र फार जुनी पेठ आहे. पहिल्या शतकातला एक ग्रीक खलाशी ‘पेरिप्लस’ नावाच्या पुस्तिकेत लिहून गेला आहे की पैठणहून पट्ट्यांचे दगड गाड्या भरभरून भडोचच्या बंदरात येतात, वाट वीस दिवसांची. सातवाहनांचं पैठण म्हटलं की आपल्याला आधी वस्त्रं आठवतात. पण पैठण, तेर, नेवासा इथल्या उत्खननांत मणीही निघाले आहेत.

हे दगड कुणी बेसाल्ट फोडून काढत नव्हतं, हे लक्षात घ्या. ते काम निसर्गाने केलं होतं. बेसाल्ट कुजून माती होतो. अकीक कठीण आणि पाण्याला दाद न देणारा, तो मागे उरतो. ओढ्यात जातो, नदीत गोल होतो, गोट्यांच्या थरात साठतो. गुजरातेत राजपीपळ्याजवळ रतनपूरला अकीक काढतात तो अशाच गोट्यांच्या जुन्या थरांतून. आणि तो खंभातला जाऊन कापला जातो. जगातले बरेच हिरे-माणकंसुद्धा मूळ दगडापेक्षा नदीच्या वाळूतच आधी सापडली आहेत. नदी ही सगळ्यात जुनी चाळणी आहे. रतनपूरचा मातकट अकीक भट्टीत भाजला की लाल होतो, कारण त्यातल्या लोहाचा गंज पाणी सोडून रंग बदलतो. हा धंदा हडप्पाकाळापासून चालू आहे. तेव्हा ‘खडा तापवलेला आहे’ असं सराफाने सांगितलं तर लगेच फसवणूक झाली असं समजू नका. न सांगता विकला तर मात्र विचारा.

आता मूळ प्रश्नाकडे: एवढे सुंदर झिओलाइट, ॲपोफिलाइट, मग सराफाकडे का नाहीत? कारण आपल्या घरातली धूळ. धुळीत गारगोटीचे कण असतात, कठिनता सात. झिओलाइट आणि ॲपोफिलाइट साडेतीन ते साडेपाचच्या दरम्यान. अंगठीत घातले तर चार महिन्यांत पुसट होतील, आणि ॲपोफिलाइट तर एका दिशेने पापुद्र्यासारखा सुटतो. ते बोटासाठी नाहीत, कपाटासाठी आहेत. त्या कपाटांच्या जगात मात्र महाराष्ट्राचं नाव फार मोठं आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांजवळची खाण, जळगाव, पुण्याचा पाषाण भाग ही नावं परदेशातल्या संग्राहकांना तोंडपाठ असतात. राहुरी तालुक्यात मोमीन आखाड्याला विहीर खोदताना हिरव्यागार ॲपोफिलाइटची पोकळी लागली आणि ते नाव जगभर गेलं. विहिरीला पाणी लागलं की नाही, ते आम्हाला विचारू नका!

सगळ्यांत मानाचं पान वाघोलीला. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत कॅव्हन्साइट नावाचं खनिज मिळतं. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांच्या पहिल्या अक्षरांवरून ते नाव जुळवलेलं आहे. ते पहिल्यांदा सापडलं अमेरिकेत ओरेगॉनमध्ये, १९६७ साली, पण अगदी बारीक. वाघोलीला ते पांढऱ्या स्टिल्बाइटवर निळ्या गेंदाच्या फुलासारखं बसलेलं मिळालं. असा निळा रंग दुसरीकडे सहज दिसत नाही. रंग व्हॅनेडियमचा, आणि राहुरीच्या हिरव्या ॲपोफिलाइटचा रंगही त्याचाच. व्हॅनेडियम साध्या बेसाल्टमध्ये कणाकणाने असतंच. कुठल्या पाण्याने ते गोळा केलं आणि दोनचार खाणींच्या परिसरातच का आणून टाकलं, हा अजून रंगणारा वाद आहे.

आणि मुंबई? मुंबईचा नंबर खालचा नाही. इथे लाव्हा बऱ्याच ठिकाणी पाण्यात उतरला. पाण्यात उतरलेला लाव्हा उशांसारख्या गोळ्यांनी थिजतो, तडकून काचेचा चुरा होतो. आपल्या शेजारच्या वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमध्ये गाळाचा थर आहे, आणि त्यात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन छापलं. म्हणजे दोन उद्रेकांमध्ये इथे बेडूक डराव डराव करत होते! पाणी, चुरा झालेली काच आणि उष्णता हे तिन्ही एकत्र आल्यावर पोकळ्या रिकाम्या राहणार कशा? मालाड, कांदिवलीच्या खाणींतून कापसाच्या गोळ्यासारखा ओकेनाइट, चकत्यांचा गायरोलाइट आणि फिकट हिरवा प्रेहनाइट निघाला. प्रेहनाइट तर दागिन्यात बसवतातही. त्यात बोटांसारख्या आकाराचे तुकडे असतात, त्यांची कथा अशी की आधी लोमाँटाइटचे स्फटिक होते, त्यांची जागा प्रेहनाइटने घेतली आणि आकार तेवढा मूळचा राहिला.

हा लोमाँटाइट महत्त्वाचा साक्षीदार आहे. आइसलँडमध्ये वॉकर नावाच्या भूशास्त्रज्ञांनी १९६० च्या सुमाराला दाखवलं की झिओलाइटचे प्रकार लाव्हाच्या थरांप्रमाणे बदलत नाहीत, ते तापमानाप्रमाणे बदलतात. म्हणजे तो गाडलेला तापमापक आहे. आपल्याकडे सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या सुखेसवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये पश्चिम भारतासाठी असे पट्टे मांडले. मुंबईच्या किनाऱ्याकडे लोमाँटाइटचा, म्हणजे जास्त तापलेला, आणि आत देशाकडे जावं तसे स्कोलेसाइट आणि ह्यूलँडाइटचे. तुमच्या हातातला एक स्फटिक ती जागा एके काळी किती तापली होती हे सांगतो. पण एका अटीवर: तो कुठून आला हे माहीत हवं.

इथे आमचं दुखणं आहे, ते सांगूनच टाकतो.

ही सगळी खनिजं आपल्याला दिसली ती दगड फोडला म्हणून. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटाचं रेल्वेचं काम चाललं, बोगदे खणले, आणि तिथले झिओलाइट लंडनच्या कपाटांत पोचले. त्याआधी, १८३१ मध्ये, पुण्याच्या नावाने ‘पूनालाइट’ असं खनिजही जाहीर झालं होतं. पुढे ते वेगळं नाही, जुन्याच कुटुंबातलं आहे, असं ठरलं. सुरुंग लागला नसता तर कॅव्हन्साइट आजही अंधारातच असता. त्यामुळे खाणी वाईट, असं आम्ही म्हणणार नाही. पण खाण जे उघडते तेच ती दुसऱ्या दिवशी क्रशरमध्ये टाकते. एकदा आम्हाला फोन आला, मोठी पोकळी लागली आहे, लवकर या. आम्ही तिसऱ्या दिवशी पोचलो. मुकादमाने खडीचा ढीग दाखवला. ढिगात पांढरे कण चमकत होते. त्या खडीचा कुठेतरी स्लॅब पडला असेल, कदाचित याच रस्त्यावर.

जे वाचतं ते खाणीतल्या कामगारांमुळे. पोकळी कुठे लागणार, दगडाचा आवाज कसा बदलतो, हे त्यांना आमच्यापेक्षा आधी कळतं. घणाऐवजी छिन्नी कधी घ्यायची हेही त्यांनाच ठाऊक. तो तुकडा दोनतीन हातांतून परदेशी प्रदर्शनात जातो, तिथे त्याला मोल येतं. खाणीतल्या माणसाच्या हाताला त्यातलं किती लागतं, याचा अंदाज तुम्ही करू शकता. आणि या हातांतरात सगळ्यांत आधी हरवतो तो पत्ता. जुन्या संग्रहालयांत शेकडो तुकड्यांवर नुसतं ‘पूना’ लिहिलेलं असतं. पूना म्हणजे वाघोली, की पाषाण, की बोरघाट? आता कुणीच सांगू शकत नाही. स्फटिक शाबूत आहे, पण साक्ष गेली. शिवाय शहर वाढतं तशा जुन्या खाणी बुजतात, वर इमारती येतात, तिथे पुन्हा जाऊन बघण्याची सोय राहत नाही.

मागच्या वर्षी अशाच व्याख्यानानंतर एक आजी बुटाच्या खोक्यात दगड घेऊन आल्या. यजमान बांधकाम खात्यात होते, साईटवरून आणायचे. सुंदर तुकडे होते. आम्ही विचारलं, कुठले? त्या म्हणाल्या, “त्यांना सगळं तोंडपाठ होतं हो.” यजमान आता नाहीत. एका तुकड्याला मात्र जुन्या वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला होता आणि कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख, गाव आणि ‘विहीर, ४० फूट’ असं लिहिलेलं होतं. बाकीच्या वीस तुकड्यांपेक्षा आम्ही तो एकच जास्त वेळ बघत बसलो.

प्रश्न घेऊ या. हां, मागे निळा शर्ट.

“आत्ता या प्रभादेवीच्या खड्ड्यांत काही मिळेल का?”

मिळू शकेल. इथे खाली बेसाल्ट आहे, तुकड्यातुकड्यांचा ब्रेशिया आहे, भुयारी मेट्रोही अशाच दगडातून गेली. दगडात पांढरे ठिपके दिसले तर ते बुजलेले बुडबुडे. बहुतेक वेळा वाटाण्याएवढे झिओलाइट नाहीतर कॅल्साइट. लिंबाचा रस टाकून थोडे बुडबुडे आले तर कॅल्साइट समजा. मोठी पोकळी लागणं नशिबाचा भाग. मात्र परवानगीशिवाय खड्ड्यात उतरू नका, बाहेर पडलेला तुकडा वॉचमनला विचारून घ्या.

“आणि चांगले नमुने बघायचे असतील तर?”

नाशिकजवळ सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे, शिर्डीला जाता-येता बघून होतं. त्याआधी वेरूळला गेलात तर मूर्तींच्या मागची भिंत बघा. शिल्पकाराची छिन्नी पोकळ्यांतून गेली आहे, आणि काही ठिकाणी आतले पांढरे स्फटिक अजून तसेच आहेत. आजींचा तो कागदात गुंडाळलेला तुकडा इथे टेबलावर ठेवला आहे. बघा, हातात घ्या, पण कागद त्याच्यासोबतच राहू द्या.